उतरण्याआधी चढाचं बघा

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी आटोपली, कापसाची वेचणी सुरू झाली की विदर्भात पायी भटकायचे दिवस येतात. डोंगर म्हटलं की आपल्याला चिखलदरा आठवतो, जंगल म्हटलं की ताडोबा. आज मी सांगतो ती वाट कोरड्या मुलखातली आहे. खरं वाळवंट राजस्थानात. आपल्याकडे वाळू नाही, पण काळा दगड, बोरी-बाभळीची काटेरी झुडपं आणि दुपारी लपायला जागा न देणारं ऊन पश्चिम वऱ्हाडात मुबलक आहे. बुलडाणा जिल्ह्यात लोणारच्या विवरात उतरायचं, तळ्याकाठी थोडं हिंडायचं आणि वर यायचं. सकाळभराचं काम. शाळकरी पोरं करतात, साठीतली माणसंही करतात.

पण या वाटेची एक खोड आहे. टेकडी चढताना दमछाक आधी होते, आणि घरी यायच्या वेळी उतार असतो. विवरात सगळं उलट. सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी आपण उतरतो, आणि चढ वाट्याला येतो तो ऊन तापल्यावर, पाय बोलायला लागल्यावर. काठापासून तळं जवळपास १३७ मीटर खाली आहे. आकडा मोठा वाटत नाही, म्हणूनच ‘एवढंसं तं हाय, आत्ता येतो’ म्हणत लोक हात हलवत उतरतात. खाली वारा अडतो, दगड तापतो, कढईच्या बुडाशी उभं राहिल्यासारखं होतं.

म्हणून उजाडताच निघा आणि दहाच्या आत परतीला लागा. माणशी दोन लिटर पाणी घ्या, आणि त्यातली एक बाटली चढ लागेपर्यंत उघडूच नका. तळ्याच्या पाण्याचा भरवसा नाहीच: ते खारट आणि सोड्यासारखं आहे. डोक्याला दुपट्टा बांधा, कानासकट. खिशात कांदा ठेवायची आपली जुनी रीत आहे, खुशाल ठेवा, पण तहान काही कांद्याने भागत नाही. पायात चप्पल नको. उतारावर मुरूम घसरतो, काटे तळव्यातून आरपार जातात. मार्चनंतर मात्र हा बेत सोडूनच द्या.

आता बघायचं काय? सुरुवात धारेपासून करा. गोमुखातून गोड्या पाण्याची धार बारमाही पडते, आणि खाली पाहिलं तर खारं तळं. एकाच खळग्यात दोन चवीचं पाणी! जुनी माणसं लोणासुराची गोष्ट सांगतात. विष्णूने तो दैत्य इथेच मारला, म्हणून गावात दैत्यसूदनाचं मंदिर. बाहेरच्या जगाला विवराची नोंद मिळाली १८२३ साली, ॲलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याकडून. पुढे बरीच वर्षं लोक ते ज्वालामुखीचं मुख समजत होते. आता शंका उरलेली नाही: आकाशातून आलेली उल्का इथल्या काळ्या बेसॉल्ट दगडावर आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. कधी, यावर मात्र अभ्यासकांचं जमत नाही. कुणाचं मोजमाप ५० हजार वर्षांच्या आसपास येतं, कुणाचं पावणेसहा लाखांच्या. मला त्यांचं भांडण आवडतं. उतरताना पायाखालचा दगड बघा, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. चंद्रावरचा दगड समजून घ्यायला शास्त्रज्ञ इथे येतात ते उगाच नाही.

उतारावर सीताफळाची झाडं, खाली चिंचा. मोर दिसला नाही तरी ऐकू येतोच. काठाजवळ कुजक्या अंड्यासारखा वास येतो. नाक मुरडू नका, हे पाण्यातल्या जिवाणूंचं काम. २०२० च्या जूनमध्ये हे तळं गुलाबी झालं होतं, आठवत असेल. तीही अशाच खारप्रेमी सूक्ष्मजीवांची करामत निघाली. त्याच वर्षी तळ्याला ‘रामसर’ म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळाचा दर्जा मिळाला. काठावरच्या कमळजा देवीला नवरात्रात गर्दी होते, एरवी सामसूम. पाणी चढलेलं असलं की काठाची वाट बुडते, तेव्हा पुढे रेटू नका.

हे अभयारण्य आहे, बिबट्याही आहे. नाक्यावर वनखात्याच्या माणसाला विचारूनच उतरा, आणि संध्याकाळी तर नकोच. पडक्या देवळांवर आग्यामोहळं असू शकतात. तिथे बिडी-काडी पेटवाल तर पळता भुई थोडी होईल. दगड खिशात घालू नका, आहे तिथे राहू द्या.

लोणारला मेहकरहून एसटी मिळते. सोबत भाकर-ठेचा असू द्या, पण खाली खायची घाई नको; भरल्या पोटी चढ जड जातो. वर आल्यावर गावात चहा मिळतोच.

नमस्कार.