डोस तेवढाच, घाव वेगळा

नमस्कार श्रोतेहो.

परळला टाटा हॉस्पिटलमध्ये बाकावर बसलेले नातेवाईक एकमेकांना विचारतात, "तुमच्या पेशंटला शेक किती दिले?" कुणी पंचवीस सांगतं, कुणी तीस. आकडा मोठा म्हणजे मारा मोठा, असं आपण धरून चालतो. पेशीपुरतं बोलायचं तर रेडिएशन किती पडलं याइतकंच ते कसं पडलं, यालाही महत्त्व आहे. कार्बन किंवा लोखंडासारख्या जड आयनांच्या, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंच्या, बाबतीत हे फार ठळकपणे दिसतं.

आधी नेहमीचे क्ष-किरण घेऊ. ग्रे हे शरीरात शोषल्या गेलेल्या डोसचं माप. १ ग्रे डोस पडला की एका पेशीतल्या डीएनएचा एकेरी धागा सुमारे १००० ठिकाणी तुटतो आणि दोन्ही धागे एकदम तुटण्याच्या जागा ४०च्या आसपास असतात. ऐकून धडकी भरते, पण पेशी लेचीपेची नसते. एक धागा तुटला तरी समोरचा शाबूत असतो आणि त्याच्यावरून ती बरोबर जुळणी करून घेते.

जड आयनाचं तसं नाही. तो ज्या रेषेत जातो त्याच रेषेत आपली सगळी ऊर्जा दाटीने सांडत जातो. रिमझिम पावसाने अंगण सगळीकडे सारखं भिजतं, पण पागोळ्यांखाली ओळीने खड्डे पडतात, पाणी तेवढंच असलं तरी. डीएनएच्या अगदी थोड्या लांबीत दोन्ही धागे तुटतात आणि शेजारचे घटकही बिघडतात. ज्यावरून जुळणी करायची तोच भाग नाहीसा झालेला असतो. मग पेशी घाईने भलतीच टोकं जोडते आणि गुणसूत्रं विस्कटतात. अशा बऱ्याच पेशी विभाजनाच्या वेळी मरतात. ज्या तगतात, त्या बिघाड पुढच्या पिढीत नेऊ शकतात. ही दुसरी गोष्ट विसरून चालणार नाही.

मला स्वतःला सगळ्यात मोलाची वाटते ती ऑक्सिजनची बाब. मोठ्या गाठीच्या गाभ्यात रक्त नीट पोचत नाही, तिथे ऑक्सिजन कमी असतो. क्ष-किरणांनी केलेलं नुकसान पक्कं व्हायला ऑक्सिजन लागतो. तो नसला तर तेवढ्याच परिणामासाठी जवळजवळ तिप्पट डोस द्यावा लागतो. जड आयनाला ही मदत फारशी लागत नाही. त्यामुळे क्ष-किरणांना दाद न देणाऱ्या गाठींसाठी डॉक्टरांचं लक्ष त्याच्याकडे जातं.

शिवाय आयन शरीरात ठरावीक खोलीवर थांबतो आणि थांबण्याच्या जरा आधी सर्वांत जास्त ऊर्जा टाकतो. भौतिकशास्त्रज्ञ ब्रॅग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अल्फा कणांत, म्हणजे हेलियमच्या केंद्रकांत, हे पाहिलं होतं. जपानमध्ये चिबा इथे १९९४ पासून कार्बन आयनांनी रुग्णांवर उपचार होत आहेत. थांबण्याआधीच्या त्या शेवटच्या टप्प्यात कार्बनचा परिणाम त्याच डोसच्या क्ष-किरणांच्या दोन ते तीन पट धरतात. मात्र हा गुणक ऊतीप्रमाणे, खोलीप्रमाणे आणि एका वेळच्या डोसप्रमाणे बदलतो, त्यामुळे आखणी करणाऱ्याचं काम फार अवघड होतं.

आपल्या खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्याच कर्करोग केंद्रात २०२३ पासून सुरू झालेले उपचार प्रोटॉनचे, म्हणजे हायड्रोजनच्या केंद्रकांचे, आहेत. प्रोटॉनही ठरल्या खोलीवर थांबतो, पण तो हलका असतो. त्याचा जैविक परिणाम क्ष-किरणांपेक्षा साधारण १० टक्केच जास्त धरला जातो. तेव्हा एखाद्या बातमीत प्रोटॉन आणि कार्बन ही दोन्ही नावं एका दमात आली, तर कृपा करून त्यांना एकच समजू नका.

कार्बनचा एक दोषही सांगतो. वाटेत काही आयन फुटतात आणि त्यांचे हलके तुकडे गाठीच्या पलीकडे निरोगी ऊतीत जातात. तिथे पडणारा डोस थोडा असतो, तरी गाठीमागे मेंदूचा देठ किंवा मज्जारज्जू असेल तर तो मोजावाच लागतो.

अंतराळवीरांना हाच मारा कुणी आखून न देता सोसावा लागतो. विश्वकिरणांत, म्हणजे अंतराळातून येणाऱ्या वेगवान कणांत, हेलियमपेक्षा जड केंद्रकं जेमतेम १ टक्का, पण पृथ्वीचं चुंबकीय कवच सोडून गेलेल्यांच्या शरीरावर होणाऱ्या परिणामात त्यांचा वाटा या टक्क्याच्या मानाने कितीतरी मोठा असतो. अपोलोच्या प्रवाशांना मिटल्या डोळ्यांपुढे प्रकाशाचे ठिपके चमकताना दिसत, ते डोळ्यांतून आरपार जाणाऱ्या अशाच कणांमुळे. यानाची भिंत जाड केली तरी हा प्रश्न सहज सुटत नाही, कारण जड केंद्रक भिंतीत फुटलं की त्याचे तुकडे आत येतात.