‘गूण’ लिहिणाऱ्या मुलाचं काय चुकलं?

(प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत एका निवृत्त शिक्षिकेनं केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

मघाशी चहा घेताना एक सर म्हणाले, “बाई, चौथीची पोरं ऱ्हस्व-दीर्घाचा नुसता काला करतात. दहा-दहा वेळा लिहून घेतो, तरी तेच.” त्या दहा वेळांपासूनच सुरुवात करते. मूल ते कसं लिहितं, कधी शेजारी बसून पाहिलंय? आधी वरून खाली दहा ‘प’ काढतं, मग दहा ‘री’, मग दहा ‘क्षा’. ‘परीक्षा’ हा शब्द त्यानं एकदाही लिहिलेला नसतो. वही मात्र छान भरते.

आपल्या लहानपणी शुद्धलेखन म्हणजे दुरेघी वहीत पुस्तकातल्या पाच ओळी उतरवणं. त्यानं अक्षर सुधारलं, नाही असं नाही. पण समोर बघून उतरवताना आठवावं काहीच लागत नाही. अमेरिकेत जोसेफ राइस नावाच्या माणसानं हजारो मुलांचं स्पेलिंग तपासलं आणि 1897 साली लिहिलं, की घोटून घेण्यात जास्त वेळ घालवणाऱ्या शाळांची मुलं कमी वेळ देणाऱ्या शाळांपेक्षा सरस नव्हती. सव्वाशे वर्षं झाली, आपण घोटतोच आहोत.

आता चुकीकडे या. मूल ‘गूण’ लिहितं, ‘सूख’ लिहितं, ‘मंदीर’ लिहितं. आपण लाल गोल करतो. पण तुम्ही स्वतः ‘गुण’ म्हणून बघा. म्हणा मोठ्यानं! उकार लांबला ना? मराठीत शेवटच्या अक्षरातला ‘अ’ आपण गिळतो आणि त्याच्या आधीचा इकार-उकार आपोआप ताणला जातो. म्हणून तर नियम सांगतो, की अकारान्त, म्हणजे ‘अ’नं संपणाऱ्या, शब्दाचं उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरं, अक्षर दीर्घ: फूल, वीट, गरीब, वकील. ‘गूण’ लिहिणाऱ्या मुलानं हा नियम कोणी न शिकवता कानानं पकडलाय. त्याला फक्त एक गोष्ट ठाऊक नाही, की हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलाय आणि तो आपल्या कानाचं ऐकत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: कानाचे शब्द, म्हणजे ऐकून लिहिता येणारे, आणि डोळ्याचे शब्द, म्हणजे बघूनच लक्षात ठेवायचे, वेगळे शिकवा. आपण दोन्हींची खिचडी करून एकाच श्रुतलेखनात घालतो, आणि मुलाला वाटतं, सगळंच पाठ करायचंय.

कानाच्या शब्दांना नियम सांगूच नका, मुलांना शोधू द्या. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 1962 चे चौदा आणि 1972 चे चार असे अठरा नियम आपल्याला माहीत हवेत. चौथीच्या पोराला कशाला? मी फळ्यावर दोन रांगा लिहायचे. एकीकडे फूल, वीट, सून, वकील. दुसरीकडे फुलाला, विटेला, सुनेला, वकिलाला. “काय बदललं?” एवढंच विचारायचं. पाच मिनिटांत कोणीतरी ओरडतं, “बाई, शेपूट लागलं की आखूड झालं!” प्रत्यय, सामान्यरूप हे शब्द नंतर आले तरी चालतात. मग बेरीज-बेरजेला, लाकूड-लाकडाला, माणूस-माणसाला. इथे तर ई-ऊ गायबच होतात, आणि मुलांना ते बोलताना आधीपासून येत असतं.

डोळ्याच्या शब्दांना मात्र कान कामाचा नाही. शिर म्हणजे डोकं, शीर म्हणजे रक्ताची. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब. उच्चार एकच. हे बघूनच शिकायचे. आठवड्याला पाच-सहा, जास्त नाहीत, आणि गोतावळ्यासकट: गुण, गुणाकार, निर्गुण. शब्द बघायचा, झाकायचा, आठवून लिहायचा, उघडून ताडायचा. चूक मुलानं स्वतः शोधायची. तेच शब्द दोन दिवसांनी, मग आठवड्यानं पुन्हा. दहा मिनिटं पुरतात.

आता एक अडचण. कान म्हणजे कोणाचा कान? ज्याच्या घरी ‘पानी’ आणि ‘लोनी’ म्हणतात, त्याला “नीट ऐक आणि लिही” हे सांगून काय उपयोग? तो नीटच ऐकतोय. त्याच्यासाठी ‘पाणी’ हा डोळ्याचा शब्द आहे. त्याच्या आईची बोली अशुद्ध ठरवून ‘ण’ येत नाही, मूल गप्प बसतं. “घरी असं म्हणतो, वहीत असं लिहितो,” इतकं साधं ठेवा.

जोडाक्षरांवर फार बोलत नाही, पण आपल्या शाळांच्या फलकांवर ‘शुध्द’, ‘पध्दत’, ‘प्रसिध्द’ वाचते तेव्हा हात शिवशिवतात. आधी द, मग ध. बालभारतीच्या काही पुस्तकांत ‘विद्‌यार्थी’ असं पाय मोडून छापलेलं दिसतं. बऱ्याच जणांना ते डोळ्यांत खुपतं, मला मुलांसाठी सोयीचं वाटतं. आधी कोण, नंतर कोण हे दिसतं तरी. आणि रफाराच्या वेळी दर्या आणि दऱ्या शेजारी ठेवा. आचार्यांना जेवायला बोलावतात आणि आचाऱ्यांना जेवण करायला, हे मुलं जन्मात विसरत नाहीत.

राहिलं श्रुतलेखन. घ्या, जरूर घ्या, पण दहापैकी गुण देण्यासाठी नको. कोणाचा कान चुकतोय आणि कोणाचा डोळा, हे बघण्यासाठी घ्या. निबंधात तर एका वेळी एकाच जातीच्या चुकीवर खूण करा. पान लालेलाल झालं की पुढच्या वेळी मूल फक्त सोपे शब्द वापरतं.

माझ्या शेवटच्या वर्षीची गोष्ट. फूल-फुलाला चाललं होतं. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. “बाई, मग ‘गीत’चं ‘गितात’ का नाही? पुस्तकात तर ‘गीतात’ आहे.” मी म्हटलं, “तूच सांग.” त्यानं जरा विचार केला, भिंतीवरच्या डोळ्याच्या शब्दांच्या तक्त्यापाशी गेला आणि अगदी खाली, कोपऱ्यात, ‘गीत’ लिहून आला.