फटींचा लेप

निमंत्रणपत्रिकेवर माझ्या नावापुढे कपबशीचं चित्र छापलंय. सिरॅमिक म्हटलं की आपल्याकडे कपबशी, फार तर संडासाचं भांडं. चालायचंच. मला आज एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे: विमानाच्या इंजिनातला सिरॅमिकचा लेप टिकतो तो त्याच्यातल्या फटींमुळे. त्याच फटी आता घात करतायत, त्यावरचा उपायही सांगायचं कबूल केलंय.

पुढच्या रांगेतल्या आज्यांना लेवण आठवत असेल. चुलीवर तपेलं चढवण्याआधी बुडाला माती-राखेचा हात फिरवायचा. हे उदाहरण मी वीस वर्षं देतोय, आणि वीस वर्षं आमची ही सांगतेय की लेवण उष्णता अडवायला नसतं, भांडं घासायला सोपं जावं म्हणून असतं. तिचं बरोबर आहे. पण लेवणाचे पोपडे निघतात, आणि माझी सगळी नोकरी पोपड्यांमागे गेली, म्हणून उदाहरण सोडवत नाही.

इंजिनातलं तापल्या वायूने फिरणारं चाक म्हणजे टर्बाइन. त्याचं पातं निकेलच्या मिश्रधातूचं. तो 1300-1350 अंशांच्या आसपास वितळायला लागतो. अंगावरून जाणारा वायू 1500 च्या वर. पात्याच्या पोटातून हवा खेळवतात आणि वर झिर्कोनिया या सिरॅमिकचा लेप देतात, जेमतेम पोस्टकार्डाच्या जाडीचा. नुसता झिर्कोनिया नाठाळ. निवताना त्याची स्फटिकरचना बदलते, तो चारेक टक्के फुगतो आणि तडकतो. म्हणून त्यात यिट्रिया, म्हणजे यिट्रियम धातूचं ऑक्साइड, घालतात. लोक आधी सढळ हाताने घालत, 12 टक्के आणि वर. 70 च्या दशकात क्लीव्हलंडच्या नासा प्रयोगशाळेत स्टीफन स्टेकुरा यांनी नमुने पुन्हा पुन्हा तापवून-निववून पाहिले आणि 6 ते 8 टक्क्यांवर बोट ठेवलं. अजून तेच प्रमाण चालतं.

आता फटी. तापल्यावर धातू सिरॅमिकपेक्षा जास्त पसरतो. लेप एकसंध असेल तर तो उडणारच. म्हणून इलेक्ट्रॉनच्या झोताने झिर्कोनियाची वाफ करून ती पात्यावर बसवतात. मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली तो छेद पाहिला तेव्हा वाटलं, कुणी खराटा उलटा उभा केलाय! काडीशेजारी काडी, मध्ये बारीक फट. धातू पसरला की काड्या विलग होतात, आक्रसला की जवळ येतात.

इथे एक गोष्ट सांगतो. अध्यक्षांनी ती माझ्याकडून चारदा ऐकलीय, त्यांनी क्षमा करावी. 24 जून 1982 ची रात्र. ब्रिटिश एअरवेजचं जम्बो क्वालालंपूरहून पर्थला निघालेलं. जावा बेटाजवळ काचेवर निळसर ठिणग्या नाचायला लागल्या, केबिनमध्ये गंधकाचा वास, आणि काही मिनिटांत चारही इंजिनं बंद. 248 प्रवासी! कप्तान एरिक मूडी यांनी घोषणा केली की छोटीशी अडचण आहे, चारही इंजिनं थांबलीयत. छोटीशी! आपल्याकडे एसटी पंक्चर झाली तरी कंडक्टर याहून जास्त घाबरवतो. विमान तरंगत खाली आलं, इंजिनं पुन्हा पेटली, एक परत बंद पडलं, आणि वाळूने घासल्यासारख्या आंधळ्या काचेतून पाहत ते जाकार्ताला उतरवलं. गालुंगगुंग ज्वालामुखीची राख इंजिनात वितळून काच होऊन बसली होती. इंजिन निवलं तशी ती काच तडकून सुटली, म्हणून...

चिठ्ठी आली. सात मिनिटं उरलीत. बरं.

तर आजची इंजिनं त्याहून तापतात. राख काय, वाळवंटातली धूळ काय, 1200-1250 अंशांना पातळ होते आणि खराट्याच्या काड्यांमध्ये झिरपते. निवल्यावर फटी बुजलेल्या, म्हणजे लवचीकपणा संपला, पोपडा निघाला. उपाय गॅडोलिनियम झिर्कोनेट या दुसऱ्या सिरॅमिकचा. वितळलेली धूळ आली की तो थोडा तिच्यात विरघळतो आणि लगेच नवे स्फटिक धरून फटीचं तोंड वरच्यावरच लिंपतो. मग सगळा लेप त्याचाच का नाही? कारण तो ठिसूळ आहे, आणि खाली धातूलगत अॅल्युमिनाचा, म्हणजे अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचा, जो पातळ थर असतो त्याच्याशी त्याचं जमत नाही. म्हणून खाली जुना झिर्कोनिया, वर हा. दोन थर म्हणजे आणखी एक सांधा, आणि पोपडा कुठल्या सांध्यावर सुटेल ही नवी डोकेदुखी. आकृत्या राहिल्या.

मागून प्रश्न आलाय, पोपडा निघाला हे वैमानिकाला कळतं का? सहसा नाही. विमान जमिनीवर असताना इंजिनाच्या भोकातून बोअरस्कोपची, म्हणजे आतलं दाखवणाऱ्या दुर्बिणीची, बारीक नळी आत सरकवतात आणि एकेक पातं फिरवत पाहतात.