लातूरच्या सोयाबीनचा भाव ठरतो कुठे?

लातूरची बाजार समिती. हंगामात इथे सोयाबीनची आवक सुरू झाली की आवारात पाय ठेवायला जागा उरत नाही. ही समिती चालते राज्याच्या कायद्याने. शेती आणि बाजार, दोन्ही विषय राज्यघटनेने राज्यांकडे दिलेत. पण इथला भाव ज्याच्यावर हलतो, ते खाद्यतेलाचं आयात शुल्क दिल्लीत ठरतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या सोयाबीन तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. मे २०२५ अखेर ते १० टक्क्यांवर उतरवलं. पेरणी तोंडावर आली होती! कामाला एक अधिसूचना पुरली. विधानसभेला विचारावं लागलं नाही.

दिल्लीचे हातही मोकळे नाहीत. १९९५ पासून भारत जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य आहे. तिथे आपण पामतेलावर ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावायची मुभा राखली, पण सोयाबीन तेलावर कमाल ४५ टक्केच. मराठवाड्याचा खरीप ज्या पिकावर उभा आहे, नेमकं तेच कमी संरक्षणात राहिलं. असे करार केंद्र सरकार करतं. ते पाळण्यासाठी कलम २५३ नुसार संसद राज्यांच्या विषयांतही कायदा करू शकते.

आता ऊस. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी याच संघटनेत भारताविरुद्ध तक्रार केली, की उसाला सरकारी आधार मर्यादेबाहेर दिला जातो. भारत म्हणाला, उसाचे पैसे कारखाने देतात, सरकार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये संघटनेच्या तंटा समितीने ते मान्य केलं नाही. केंद्राची एफआरपी, म्हणजे उसाचा ठरवून दिलेला किमान भाव, सरकारी आधार म्हणून मोजलीच, राज्यांनी जाहीर केलेले ऊसदरही मोजले. भारताने अपील केलं. पण तिथलं अपील मंडळच सदस्यांअभावी ठप्प आहे.

राज्याच्या निर्णयाला देश जबाबदार, हाच नियम भारतानेही वापरलाय. अमेरिकेतल्या राज्यांच्या सौरऊर्जेसारख्या योजनांविरुद्ध आपण तक्रार केली आणि २०१९ मध्ये निकाल बहुतांशी आपल्या बाजूने लागला.

म्हणजे राज्याचा निर्णय जिनिव्हात, संघटनेच्या मुख्यालयात, तपासला जातो, पण वाटाघाटीला राज्य नसतं. हे बदलायलाच हवं. शेतमालावर बोलणी सुरू होण्याआधी केंद्राने राज्यांचं मत लेखी घ्यावं, ते विधानसभेत मांडलं जावं, आणि लातूर, धाराशिव, बीडच्या आमदारांनी तिथे उभं राहून सोयाबीनबद्दल बोलावं.