तर्रीतले थेंब आणि मेंदूतले

नमस्कार श्रोतेहो.

सावजी रश्शावरची तर्री कधी नीट पाहिली आहे? तेलाचे दोन थेंब जवळ आले की पटकन एक होतात. आपल्या पेशींच्या आतही प्रथिनांचे असे थेंब असतात, भोवती कसलाही पडदा नसताना. 2009 साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या क्लिफर्ड ब्रँगविन आणि अँथनी हायमन यांनी एका इवल्याशा कृमीच्या पेशीत हे थेंब वाहताना, एकमेकांत मिसळताना आणि विरघळताना टिपले. प्रथिनं अशी थेंब होऊन भोवतालच्या द्रवातून वेगळी होतात, याला फेज सेपरेशन म्हणतात.

पेशीला याचा उपयोग मोठा. उष्णतेचा ताण आला की ती काही आरएनए (जनुकांतल्या सूचनांच्या नकला) आणि प्रथिने अशा थेंबांत जमवून ठेवते, संकट टळलं की मोकळी करते. (याचा आपल्या मे महिन्याशी संबंध जोडू नका. बाहेर 46 अंश असले तरी शरीर आतून 37 च्या आसपासच राहायला धडपडतं.)

घोटाळा होतो तो थेंब विरघळायचा राहून गेला तर. 2015 साली हायमन यांच्याच प्रयोगशाळेत एफयूएस या प्रथिनाचे थेंब काही तासांत घट्ट होऊन त्यांतून तंतू निघताना दिसले. एएलएसच्या रुग्णात सापडलेला जनुकीय बदल त्यात असला, की हे आणखी लवकर घडायचं. एएलएस म्हणजे हातापायांचे, पुढे गिळण्याचे आणि श्वासाचे स्नायू लुळे करत नेणारा आजार. अल्झायमरमधलं टाऊ प्रथिनही थेंब करतं. आणि कंपवातातल्या अल्फा-सिन्युक्लीनचं काम तर आपल्याच राज्यात झालं: मुंबई आयआयटीतल्या समीर माजी यांच्या गटाने 2020 साली दाखवलं की हे प्रथिन आधी थेंब होतं, मग जेलीसारखं घट्ट, मग तंतू. थंडीत गोठलेला रस्सा चुलीवर ठेवला की वितळतो. हे तंतू सहजासहजी सुटत नाहीत.

तरीही थेंबालाच गुन्हेगार ठरवायची मला घाई नाही. परीक्षानळीत अनेकदा प्रथिन पेशीतल्यापेक्षा कितीतरी दाट घेतलेलं असतं. काही प्रयोगांत तर थेंबात राहिलेलं प्रथिन तंतू व्हायला उलट वेळ लावतं. रुग्णाच्या मेंदूत नेमकं काय आधी घडलं, हे अजून कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. थेंब घट्ट होऊ न देणाऱ्या औषधांचा शोध चालू आहे, पण दुकानात मिळेल असं काही नाही. ‘मेंदूतली प्रथिनं विरघळवणारं’ चूर्ण कुणी विकत असेल, तर पैसे खिशातच ठेवा.

अशा विषयावर बोललं की हमखास विचारलं जातं: मग डाळ, अंडी बंद करू का? नको. ताटातलं प्रथिन पचताना मोडतं, ते मेंदूत जाऊन गाठी करत नाही. मात्र कंपवातासाठी लेव्होडोपा चालू असेल, तर जेवणातल्या प्रथिनांमुळे ती गोळी आतड्यातून नीट शोषली जात नाही. म्हणून पुष्कळदा ती जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगतात. तुमची वेळ काय असावी, ते आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या.