सहाव्या सिरीजची गळती

नमस्कार. एअर पिस्तुलातली मंद गळती कशी शोधावी आणि कशी दुरुस्त करावी, हा आजचा विषय. दुरुस्तीकडे येतोच. पण समोर नेमबाज आहेत, त्यांचे आईवडील आहेत, मागच्या रांगेत प्रशिक्षकही बसलेत. असा मेळ पुन्हा जमणार नाही, म्हणून मनातलं आधी बोलून घेतो. शॉट खाली गेला की आपण पोराचा हात तपासतो, श्वास तपासतो, मन तपासतो. पिस्तुलाला शेवटी विचारतो. हे उलटं व्हायला हवं.

काही वर्षांपूर्वी एक मुलगी वडिलांबरोबर माझ्याकडे आली. तालुक्याच्या गावची, बारावीतली. वडील म्हणाले, "साहेब, पिस्तूल तसं ठीक आहे, नुसतं एकदा नजरेखालून घाला. पोरीचं मन कच्चं आहे असं सगळे म्हणतात." ती शेजारीच उभी होती, खाली बघत. तिची स्कोअरची वही मी मागून घेतली. सरावात सहाही सिरीज, म्हणजे दहा-दहा शॉटचे टप्पे, शंभरपैकी 93, 94. मॅचमध्ये पहिल्या पाच तशाच, आणि सहावी 84. ती एकदाच नाही, ओळीने तीन स्पर्धांत. नऊ आणि आठ, सगळे सहा वाजता, म्हणजे सरळ खाली. आठ महिने त्या मुलीची ग्रिप घासून झाली, प्राणायाम झाला, शेवटच्या सिरीजला घाबरते म्हणून समुपदेशनही झालं.

मी विचारलं, "हवा कधी भरतेस?"

"सरावाला रोज सकाळी भरते, काका."

"आणि मॅचला?"

"घरून निघताना. सोमवारी. मॅच गुरुवारी असते."

आता हिशेब बघा. पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर 200 बार दाबाला भरलेला. त्यातून दिवसाला 20 बार जातायत. रोज सकाळी भरलं तर कुणाच्या लक्षात येणार? गुरुवारी मात्र ती 140 वर उभी राहते. गेजचा काटा तेव्हाही हिरव्या पट्ट्यातच असतो, म्हणून शंका येत नाही. तिच्या पिस्तुलाला एका शॉटला साधारण पाऊण-एक बार लागायचा. तीसेक साइटर, म्हणजे मॅचआधीचे सरावाचे शॉट, मग मॅचचे पन्नास. तिथे दाब 75 च्या खाली उतरला. दर शॉटला सारखाच दाब देणाऱ्या रेग्युलेटरला पुरेसा दाब मिळेना, पेलेटचा, म्हणजे छर्ऱ्याचा, वेग कमी झाला आणि शॉट खाली यायला लागले. सहावी सिरीज!

यात आणखी एक मेख आहे. 2018 च्या आधी मुलींच्या मॅचला चाळीसच शॉट असायचे. त्या काळात हीच गळती कधी सापडलीच नसती, चाळीस शॉट तेवढ्या हवेत आरामात निघाले असते. साठ झाले आणि गळती स्कोअरवर दिसली. पण वाचली कुणी? आपण ती मुलीच्या स्वभावात वाचली.

सिलिंडर काढून त्याचं तोंड मी पाण्याच्या पेल्यात बुडवलं. पंक्चरवाला घमेल्यात ट्यूब बुडवतो, अगदी तसंच. ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडा, दर दोन सेकंदांना एक. तिघंही त्या पेल्याकडे बघत बसलो. मग हवा पूर्ण सोडून व्हॉल्व्ह उघडला. भिंगाखाली सीटवर, म्हणजे सील टेकतं त्या जागी, पितळेचा कीस दिसला, केसाएवढा. हवा भरायच्या अ‍ॅडॅप्टरच्या आट्यांमधून आलेला. सीट पुसली, सील बदललं, वीस मिनिटांचं काम. वडिलांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. मुलगी म्हणाली, "मग आठ महिने मी काय करत होते, काका?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही.

आणि हे फक्त आपल्याकडच्या पोरांचं नाही. 2021 साली टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत अडलं. काय काय ऐकून घ्यावं लागलं त्या मुलीला, आठवा. 2024 ला पॅरिसहून ती दोन कांस्यपदकं घेऊन आली.

जुन्या मंडळींना सीओटूची, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारी पिस्तुलं आठवत असतील. त्यांची गळती तर महाबिलंदर. आत द्रव असतो, आणि द्रवाचा थेंब शिल्लक आहे तोवर दाब हलत नाही, तो फक्त तापमानावर चालतो. अर्धा गॅस उडाला तरी काटा जागच्या जागी. म्हणून वजन करावं लागायचं. आमच्या गल्लीतले सोनार माझा सिलिंडर तराजूत घालायचे, आज किती ग्रॅम, परवा किती ग्रॅम. त्यात 31 अंशांच्या वर सीओटू द्रव राहतच नाही. विदर्भातल्या मे महिन्यात त्या पिस्तुलांचं काय होत असेल, नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. हवेच्या सिलिंडरनी ती पीडा संपवली आणि...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, मग मूळ विषय भराभर सांगतो, लिहून घ्या.

आधी ती गळतीच आहे का, ते ठरवा. भरताना सिलिंडर तापतो, म्हणून भरल्यावर तासभर थांबून आकडा घ्या. 40 अंशांतल्या गाडीतून 24 अंशांच्या एसी रेंजमध्ये आणलात तर 200 चे 190 आपोआप होतात, ती गळती नव्हे. तारीख, वेळ, दाब आणि खोलीचं तापमान वहीत लिहा. रात्री एकदा, सकाळी त्याच तापमानाला एकदा.

मग सिलिंडर वेगळा, पिस्तूल वेगळं. सुटा सिलिंडर दोन दिवस ठेवून दाब टिकला, तर दोष पिस्तुलात. टिकला नाही, तर पेल्यात तोंड बुडवा आणि बसून राहा. शंभर सीसीच्या सिलिंडरमधून आठवड्याला 10 बार जात असतील तर बुडबुडा वीस सेकंदांना एक येतो. पाच सेकंद बघून "काही नाही" म्हणणाऱ्याला तो दिसणार नाही. पिस्तूल पाण्यात घालायचं नाही. साबणाच्या पाण्याचा थेंब सांध्यावर आणि गेजच्या मुळाशी लावा. नळीच्या तोंडावर साबणाचा पडदा धरा. तो फुगला तर फायरिंग व्हॉल्व्ह गळतोय. पेलेट काढलेली हवी, हे सांगायला लागू नये.

एक गळती बाहेर दिसतच नाही. रेग्युलेटरची सीट झिजली की हवा आतल्या आत पुढच्या कप्प्यात झिरपते. खूण अशी की जरा थांबून मारलेला पहिला शॉट वेगळा जातो, पुढचे ठीक. हे काम कारागिराकडेच द्या.

बहुतेक वेळा दोषी निघते ती ओ-रिंग, सांध्यातली गोल रबरी रिंग. कुकरची रिंग कडक झाली की वाफ सुटते, तोच प्रकार. पण आवळू नका! आवळून गळती थांबत नाही, रिंग कापली जाते. हवा पूर्ण सोडा, मगच उघडा. रिंग काढायला सुई नको, खाचेला ओरखडा पडला की नवी रिंगही गळते. लाकडी टूथपिक घ्या. त्याच मापाची, त्याच कडकपणाची रिंग, वर सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात. गाडीचं ग्रीस नाही, साधं तेल नाही. दाबाखाली ते पेट घेऊ शकतं. ऑक्सिजन तर कधीच भरायचा नाही. हातपंपाने भरत असाल तर पावसाळ्यात त्यातलं पाणी काढून टाका, दमट हवा सीट गंजवते. अ‍ॅडॅप्टर दर वेळी पुसा, तो पितळेचा कीस आठवा. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. बहुतेकांची मुदत दहा वर्षांची. ती उलटली असेल तर तो दुरुस्तीला माझ्याकडे आणू नका, मी हात लावणार नाही.

पुढच्या वक्त्या आल्या आहेत. दाराजवळच्या टेबलावर ओ-रिंगांचा डबा आणि व्हर्नियर ठेवलाय. ज्यांनी जुनी रिंग बरोबर आणली आहे त्यांनी माप घेऊन तशीच उचला, आणि घरी गेल्यावर पाण्याचा पेला घेऊन बसा.