दुधखुळा

नमस्कार मंडळी. मसालेभाताचा वास इथपर्यंत आलाय, त्यामुळे एकाच शब्दावर बोलतो आणि खाली उतरतो.

परवा पुण्यातल्या फ्लॅटच्या भाड्यावरून एजंटशी फोनवर वाजलं. मी ओरडलो, "मी काय दुधखुळा वाटलो का तुम्हाला?" फोन ठेवला, तर इथं अमेरिकेतच जन्मलेली लेक समोर उभी. "बाबा, ते अंकल खुळखुळा मागत होते?"

तिला समजावताना माझीच पंचाईत झाली. दूध आणि खुळा. अजून दुधावर असलेलं, जगाचं वारं न लागलेलं पोर. अर्थ सोपा आहे, गंमत वापरात आहे. हा शब्द 'नाही' किंवा प्रश्नचिन्ह सोबत घेतल्याशिवाय सहसा घराबाहेर पडत नाही. 'मी काही दुधखुळा नाही.' 'जनता दुधखुळी नाही', हे तर दर निवडणुकीला. पण 'आमचा बंड्या दुधखुळा आहे हो' असं कौतुकानं म्हणणारी आई मला तरी भेटलेली नाही. तिथं आपण 'भोळा' म्हणतो. भोळेपणा ऐंशीव्या वर्षीही शोभतो. शंकर तर भोळा सांबच; पण पिंडीवर एवढं दूध ओतूनही त्याला दुधखुळा म्हणायची कुणाची छाती झालेली नाही.

आणि आपण माणसाची समज मोजतो कुठं, तर तोंडात! ओठ पिळले तर दूध निघेल, इथून सुरुवात. मग दुधाचे दात, ते 20. ते पडले की शेवटी अक्कलदाढ. माझी इथल्या डेंटिस्टनं उपटून टाकली. त्यावर घरात काय बोललं जातं, ते इथं सांगत नाही.

'नाही' न लावता हा शब्द मला एकदाच चपखल बसला. अमेरिकेत नवा आलो तेव्हा दुकानात 'हाफ अँड हाफ' दिसलं. मला वाटलं, निम्मं दूध, निम्मं पाणी. आमच्या गवळ्याचीच पद्धत, फक्त इथं प्रामाणिकपणे डब्यावर छापतात. पाणी आधीच घातलंय म्हणून मी चहा नुसत्या त्याच्यातच उकळायचो. निम्मी क्रीम असते त्यात, हे कळेपर्यंत पँटचं बटण लागेनासं झालं होतं.